पहिल्या वर्षाला तत्त्वज्ञान: इतिहासानं, प्रश्नानं की एका पुस्तकानं?

एफवायचा तत्त्वज्ञानाचा पेपर पहिल्यांदा वाट्याला आला की माणूस अभ्यासक्रमाची पीडीएफ चाळत बसतो. ती थोडी बाजूला ठेवा आणि विभागात दोन गोष्टी विचारून या: तासिका किती, आणि पेपर कोण काढणार? दोन क्रेडिटचं ओपन इलेक्टिव्ह असेल तर कागदावर तीस तासिका असतात. गणपती, युवा महोत्सव आणि अंतर्गत परीक्षा वजा केल्या की हातात उरतात चोवीस-पंचवीस. समोर कॉमर्स-सायन्सची मुलं, त्यातली निम्मी दुसरा विषय भरला म्हणून इकडे आलेली. चार क्रेडिटचा मेजरचा, म्हणजे मुख्य विषयाचा पेपर असेल तर साठ तासिका, आणि मुलं थोडी तरी ठरवून आलेली. कॉलेज स्वायत्त असेल तर पेपर तुमचाच, संलग्न असेल तर बहुधा विद्यापीठाचा. कोणती पद्धत चांगली हा वाद या दोन उत्तरांशिवाय घालण्यात अर्थ नाही.

पद्धती ढोबळमानानं तीन. काळाच्या क्रमानं जायचं, प्रश्न घेऊन जायचं, किंवा एखादाच ग्रंथ घेऊन तो वर्गात वाचायचा. मी तिन्ही करून बसलोय, त्यामुळे निःपक्षपाती असल्याचा आव आणत नाही.

इतिहासाची वाट सगळ्यांत मळलेली. ग्रीक थेलीसपासून निघायचं, सॉक्रेटिस-प्लेटो-ॲरिस्टॉटल करत कांटपर्यंत पोचायचं. भारतीय बाजूला चार्वाकापासून वेदान्तापर्यंत. नोट्स तयार मिळतात, विद्यापीठाच्या पेपराशी जुळतं, बदली शिक्षक आला तरी गाडी पुढे जाते. आणि खरं सांगायचं तर कांटच्या आधीच्या ह्यूम या तत्त्वज्ञानं काय गोंधळ घालून ठेवला होता हे कळल्याशिवाय कांट कळत नाही, त्यामुळे एम.ए. किंवा नेट परीक्षेकडे जाणाऱ्या मुलाला हा क्रम कधी ना कधी लागतोच.

अडचण अशी की या वाटेवर प्रश्न पडायच्या आधी उत्तर येतं. थेलीस म्हणाला जगाचं मूळ पाणी, ॲनॅक्झिमिनीस म्हणाला हवा, हेराक्लायटस म्हणाला अग्नी. मुलं वहीत दोन रकाने आखून ‘जोड्या लावा’ची तयारी करतात. या लोकांना नेमकं कसलं कोडं पडलं होतं, हे कुणी विचारत नाही. भारतीय दर्शनांचंही तेच. प्रमाणं, म्हणजे ज्ञान मिळवायची साधनं, किती मानतात? चार्वाक एक, बौद्ध आणि वैशेषिक दोन, सांख्य तीन, नैयायिक चार, प्राभाकर मीमांसक पाच, भाट्ट मीमांसक आणि अद्वैती सहा. पाढा छान पाठ होतो. शिवाय एकेक दर्शन रांगेत घेतल्यामुळे एक संपलं की दुसरं सुरू झालं असं मुलांना वाटतं. प्रत्यक्षात ही मंडळी शतकानुशतकं एकमेकांशी भांडत होती. माझ्या पहिल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मी जेमतेम प्लेटोला पोचलो होतो. सतराव्या शतकातल्या देकार्तचं फक्त स्पेलिंग फळ्यावर लिहून झालं.

म्हणून पुढच्या वर्षी तावातावानं प्रश्नांकडे वळलो. फिलिपा फूट या तत्त्वज्ञ बाईंनी १९६७ साली मांडलेला ट्रॉलीचा प्रश्न घेतला: रुळावर पाच माणसं, सांधा बदलला तर पाचांऐवजी एक मरणार, बदलायचा का? हात वर करायला लावले. पाच मिनिटं वर्ग असा रंगला की शेजारच्या वर्गातल्या मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. सहाव्या मिनिटाला मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, ज्याचं त्याचं मत असतं.” संपलं. या वाक्याच्या पुढे वर्ग हलत नाही. परीक्षेत एकानं ‘ट्रॉलीचे फायदे व तोटे’ असं शीर्षक देऊन उत्तर लिहिलं, आणि त्याला दोष तरी कसा देणार?

पण त्याच सत्रातला एक तास विसरता येत नाही. न्याय दर्शनातलं अनुमान चालू होतं: डोंगरावर आग आहे, कारण धूर आहे, जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. फक्त प्रत्यक्ष दिसेल तेच मानणाऱ्या चार्वाकाच्या बाजूनं मी विचारलं, सगळ्या धुरामागची आग कुणी पाहिली आहे का? वर्ग गप्प. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “पण सर, आमच्याकडे गॅस आहे. स्वयंपाकघरात आग असते, धूर नसतो.” एक जण हसला, म्हणाला, अगं उलटं झालं. उलटंच झालं होतं, आणि तेच महत्त्वाचं होतं. धुरावरून आग कळेल, पण आगीवरून धूर सांगता येणार नाही. नैयायिकांनी यासाठी तापलेल्या लोखंडी गोळ्याचं उदाहरण दिलंय, तिनं गॅसची शेगडी दिली. त्या दिवशी व्याप्ती (एक असेल तिथे दुसरं असणारच, हा संबंध) या शब्दाची व्याख्या मला लिहून द्यावी लागली नाही.

म्हणजे प्रश्नाची पद्धत चालते, पण प्रश्नाच्या आतच चूक-बरोबर ठरवायची काहीतरी सोय असेल तर. नुसतं ‘तुम्हाला काय वाटतं’ विचारलं की वाटण्याचा पाऊस पडतो. शिवाय वर्ग तीस-चाळिसाचा हवा. नव्वदच्या वर्गात चर्चा म्हणजे तीच ती सहा मुलं बोलणार आणि बाकीची मोबाइल बघणार. तास कुठे जाऊन थांबेल हे आधी माहीत नसतं, त्यामुळे तयारी दुप्पट. सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, दोन-दोन कॉलेजं सांभाळणाऱ्या माणसाला हे मी कुठल्या तोंडानं सांगू? आणि पेपर बाहेरून येणार असेल तर ‘टीपा लिहा’मध्ये यातलं काहीच उतरत नाही.

आता तिसरी. एक छोटा ग्रंथ घ्यायचा आणि वर्गात मोठ्यानं वाचायचा. गेली काही वर्षं मी प्लेटोच्या संवादांतलं सॉक्रेटिसचं न्यायालयातलं भाषण घेतो. इसवी सनपूर्व ३९९, अथेन्स, सुमारे पाचशे पंच. तीस मतं इकडची तिकडे झाली असती तर आपण सुटलो असतो, असं तो दोषी ठरल्यानंतर म्हणतो. मग शिक्षा काय असावी हे आरोपीनं सुचवायचं असतं, तर हा गृहस्थ म्हणतो, ऑलिंपिक जिंकणाऱ्यांना नगरातर्फे जेवण मिळतं तसं मला द्या. इथे वर्ग हमखास हसतो, आणि हसून झाल्यावर कुणीतरी विचारतं की तो गंभीरपणे म्हणतोय की टोमणा मारतोय. आता ‘ज्याचं त्याचं मत’ चालत नाही. पान उघडा, ओळ दाखवा.

मला ही पद्धत पटते ती याच कारणानं. स्वतःचं मत देण्याआधी समोरचा काय म्हणतोय ते त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगावं लागतं. आपल्याकडे पूर्वपक्ष म्हणतात तो हाच. चार्वाकांचं म्हणणं आपल्यापर्यंत आलंय तेही बरंचसं विरोधकांनी मांडलेल्या पूर्वपक्षांतूनच.

तोटे आहेत, आणि ते बारीक नाहीत. इंग्रजी भाषांतर दिलं की अर्धा वर्ग बाहेर पडतो, छापील मराठी दिलं तर कधीकधी उरलेला अर्धाही. मी दर तासाला दोन पानं स्वतः सोप्या मराठीत करून नेतो, त्यात रविवार जातो. दोन तास बुडवलेल्या मुलाला धागा सापडत नाही. आणि पुस्तक चुकीचं निवडलं तर वर्षच वाया. देकार्तची चिंतनं (१६४१) घेऊन एकदा हात पोळून घेतलेत. पहिल्या चिंतनातल्या संशयानं मुलं भारावली, तिसऱ्यातल्या ईश्वराच्या सिद्धतेला हजेरी निम्म्यावर आली.

एकच युरोपीय आवाज नको म्हणून जोडीला मिलिंदपञ्हा या पाली बौद्ध ग्रंथातला रथाचा संवाद घेतो. भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, रथ म्हणजे काय, चाक की आस की दांडी? एका वर्षी ज्याच्या वडिलांचं गॅरेज आहे असा मुलगा म्हणाला, “सगळे पार्ट बदलले तरी गाडी तीच राहते. आरटीओ चेसिस नंबर बघतं.” मग चेसिसच बदलली तर? उरलेला तास त्यावर गेला. प्लेटोचाच युथिफ्रो हा संवादही असाच चालतो. देवांना आवडतं म्हणून ते पवित्र, की पवित्र आहे म्हणून देवांना आवडतं? आमच्याकडे ही चर्चा एकादशीला भात का चालत नाही आणि साबुदाणा का चालतो यावर गेली. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, हे एकीनं फोनवर शोधून काढल्यावर तर फारच.

तर निवड. मेजरचा पेपर, साठ तासिका, प्रश्नपत्रिका विद्यापीठाची: इतिहासानंच जा, उगाच शहीद होऊ नका. फक्त कांटला पोचायचा हट्ट सोडा. स्वायत्त कॉलेज, लहान वर्ग, तुमचा स्वभाव शांतता सहन करणारा: प्रश्न घ्या, पण ट्रॉलीपेक्षा धूर-आग बरी. ओपन इलेक्टिव्ह, तीस तासिका, सरमिसळ वर्ग: एक ग्रंथ. या मुलांची तत्त्वज्ञानाशी ही बहुधा पहिली आणि शेवटची गाठ आहे. त्यांना दहा नावं देऊन पाठवण्यापेक्षा एक माणूस शेवटपर्यंत ऐकवून पाठवावा, असं मला वाटतं. तिन्हींतलं थोडं थोडं घ्यायचा मोह होईल. मी घेतलं होतं. भेळ झाली, आणि तीही मऊ पडलेली.

संदर्भाला वाडेकरांच्या संपादनाखालचा मराठी तत्त्वज्ञान महाकोश ग्रंथालयात असला तर कपाटातून बाहेर काढून घ्या. मराठी विश्वकोशातल्या नोंदी तर नेटवर फुकट आहेत. पहिल्या दिवशी कुणीतरी “सर, हा विषय म्हणजे अध्यात्मच ना?” असं विचारेल. त्यावर भाषण देऊ नका, पहिलं पान वाचायला घ्या. आणि झेरॉक्स आदल्या दिवशीच काढून ठेवा. सकाळी साडेसातच्या लेक्चरला दुकान उघडलेलं नसतं.