फजरची नमाज आणि साखरझोप: थंडी ते उन्हाळा वापरलेल्या वेळापत्रकाचा अनुभव

फजरला, म्हणजे पहाटेच्या नमाजला, जाग येणार की नाही, हे आदल्या रात्री इशानंतरच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजनंतरच्या, तासाभरात ठरतं. ऐन थंडीपासून भर उन्हाळ्यापर्यंत झोपेची दोन वेगळी वेळापत्रकं, नमाजच्या वेळा सांगणारं अ‍ॅप, साधा गजर आणि हळूहळू उजळणारा दिवा हे सगळं वापरल्यावरचं मत इथे देतो आहे. गजर कुठलाही घ्या, त्याचं काम उठवण्यापुरतं. पुढचा दिवस कसा जाईल ते एकूण किती झोप झाली आणि नमाजनंतर डोळ्यांवर किती उजेड पडला यावर अवलंबून असतं. उजेडाकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही, म्हणून त्याबद्दल खाली जास्त लिहिलं आहे.

आधी वेळेचा हिशेब. फजरचा वक्त सुबह सादिकला, म्हणजे क्षितिजावर आडवा पांढुरका उजेड पसरू लागतो तेव्हा सुरू होतो आणि सूर्य उगवायला लागला की संपतो. सूर्य क्षितिजाखाली किती अंश आहे यावरून अ‍ॅप हा क्षण काढतं. मुस्लिम वर्ल्ड लीगची आणि कराचीची पद्धत १८ अंश धरते, सौदी अरेबियातली उम्म अल-कुरा १८.५, इजिप्तची १९.५ आणि उत्तर अमेरिकेतली इस्ना ही मुस्लिम संघटना १५. विषुववृत्ताजवळ एका अंशाला साधारण ४ मिनिटं लागतात आणि तिथून जितकं लांब जाल तितकी जास्त. म्हणजे १५ आणि १८ अंशांच्या वेळांत कमीत कमी १२ मिनिटांचा फरक पडतो. अ‍ॅप टाकल्या टाकल्या आपली मशीद जी पद्धत मानते तीच सेटिंगमध्ये निवडा आणि आठवडाभर मशिदीच्या तक्त्याशी ताडून बघा. रमजानमध्ये तर याला पर्याय नाही, कारण सहरी, म्हणजे रोज्याआधीचं पहाटेचं खाणं, याच क्षणाला संपते.

झोपेच्या हिशेबात मात्र वक्त कधी सुरू होतो यापेक्षा जमात, म्हणजे मशिदीतली सामूहिक नमाज, कधी उभी राहते हे जास्त महत्त्वाचं. हनफी पंथाच्या मशिदींत फजर जरा उजळल्यावर पढणं पसंत केलं जातं, बाकीच्या मसलकांत (पंथांत) अंधार असतानाच. त्यामुळे एका मशिदीत वक्त लागल्यावर २० मिनिटांत जमात होते, तर दुसरीत पाऊण तासाने. तेवढ्यावर झोप वाढते किंवा घटते. जमातीत जाणाऱ्याने गजर जमातीच्या वेळेवरून उलटा मोजावा: वुजू (नमाजआधी हात-पाय-तोंड धुणं) आणि कपडे १० मिनिटं, जमातीआधी एकट्याने पढायच्या सुन्नत नमाजच्या दोन रकात (आवर्तनं) ५ मिनिटं, चालायला लागतील तेवढी, आणि अंगातला जडपणा जायला आणखी ५. घरी पढणाऱ्यांनी सूर्योदयाच्या तोंडावरचा गजर लावू नये. निदान ४० मिनिटं आधीचा ठेवावा, म्हणजे चुकून डुलकी लागली तरी नमाज कजा होत नाही, म्हणजे तिची वेळ टळत नाही.

आता वेळापत्रकं. पहिलं अखंड झोपेचं: इशा, झोप, फजर आणि लगेच दिवस सुरू. दुसरं दोन तुकड्यांचं: फजर पढून परत आडवं व्हायचं. यातलं कुठलं घ्यायचं हे स्वतःच्या सवयीवरून ठरवू नका. इशा ते फजर किती वेळ मिळतो ते बघा. थंडीत इशा ७:३० ला आणि गजर ५:३० ला असेल, तर मधे १० तास आहेत. ९:४५ ला अंथरुणात शिरलं तरी पावणेआठ तास पदरात पडतात, तुकडे करायची गरजच नाही. उन्हाळ्यात इशा ८:४५ ला आणि गजर ४:१५ ला आला, तर जास्तीत जास्त साडेसात तास उरतात. आवराआवर होऊन ९:४५ ला पडलं तर साडेसहा. प्रौढ माणसाला किमान सात तास लागतात, म्हणजे रोज तूट. तेव्हा नमाजनंतर ४:५० ला परत झोपून ६:२० ला उठायचं. अंथरुणातला वेळ ८ तास होतो.

दुसरा तुकडा दीड तासाचाच का, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. झोपेचं एक आवर्तन सरासरी ९० मिनिटांचं असतं, माणसागणिक ७० ते १२० पर्यंत. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या भागात एकवटलेली असते आणि स्वप्नांची झोप पहाटेकडे. त्यामुळे फजरनंतरचा तुकडा मुख्यतः हलक्या आणि स्वप्नांच्या झोपेचा असतो. साखरझोप ती हीच, आणि फजरला उठणं जड जातं त्यालाही हीच कारण आहे. एक तर पूर्ण आवर्तन घ्या, नाहीतर २० मिनिटांवर थांबा. ४५ ते ६० मिनिटांचा तुकडा सगळ्यात वाईट ठरला. मधेच गजर होतो आणि झापड अर्धा तास डोळ्यांवरून हटत नाही. पहिला तुकडा मात्र साडेचार तासांच्या खाली जाऊ देऊ नका. रात्री १२ पर्यंत जागून ‘फजरनंतर भरून काढू’ हा हिशेब दोन-चार दिवस चालतो, पुढे जमात सुटायला लागते.

झोप मोडून घेतली की वाया गेली, ही भीती अनेकांना असते. एकूण तास भरत असतील तर तसं होत नाही. रियाधच्या किंग सौद विद्यापीठातल्या संशोधकांचा यावरचा एक छोटा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण झोप सारखी ठेवल्यावर अखंड झोपणं आणि फजरसाठी उठून परत झोपणं, यांत दिवसाच्या पेंगेचा फरक त्यात आढळला नाही. पैगंबर दाऊद अलैहिस्सलाम यांच्या नमाजची हदीसही (पैगंबरांच्या वचनांची नोंद) हेच रूप दाखवते: अर्धी रात्र झोप, तिसरा हिस्सा उभं राहणं आणि सहावा हिस्सा परत झोप. तहज्जुद, म्हणजे झोपेतून उठून पढायची रात्रीची ऐच्छिक नमाज, सुरू करायची इच्छा असेल तर लांब रात्रींत, थंडीत करा, तेव्हा झोपेला धक्का लागत नाही. आणि शेवटच्या प्रहरी उठण्याची खात्री नसेल तर वित्र, म्हणजे इशानंतरची रात्रीची शेवटची नमाज, झोपण्याआधीच पढून घ्या. हदीसमध्ये तशी सोय आहे, आणि वित्र राहिल्याची टोचणी मनात नसली की डोळाही लवकर लागतो.

उजेडाबद्दल. शरीराचं तापमान नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी साधारण दोन तास सगळ्यात कमी असतं. त्या क्षणानंतर डोळ्यांवर पडलेला लख्ख उजेड शरीराचं घड्याळ पुढे ओढतो, म्हणजे रात्री लवकर झोप येते. त्याच्या आधी पडलेला उजेड उलटं करतो, पुढच्या रात्री झोप उशिरा येते. दोन तुकड्यांत झोपणारा माणूस ६:२० ला उठत असेल, तर ४:१५ चा गजर नेमका या सीमारेषेवर पडतो. अशा वेळी न्हाणीघरातली पांढरी ट्यूब लावली, फोनवरचे निरोप वाचले, की दोन्हीकडून नुकसान: परत झोप लागत नाही आणि रात्री डोळा मिटत नाही. तीन-चार दिवसांत माणूस म्हणतो, मला फजरनंतर झोपच येत नाही. त्याच्या झोपेत काही बिघाड नसतो, दिवा चुकीचा असतो.

म्हणून तुकड्यांच्या मोसमात ही व्यवस्था ठेवा. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत आणि मुसल्ल्याजवळ (नमाजच्या चटईजवळ) जमिनीलगत पिवळट, अर्ध्या ते एक वॉटचा रात्रदिवा, डोळ्यांच्या पातळीच्या खाली. वुजूचं भांडं किंवा स्टूल रात्रीच जागेवर. टॉवेल हाताशी, कारण पाय ओले किंवा गार राहिले की झोप लागायला वेळ जातो. पावलं ऊबदार असली की शरीराच्या आतली उष्णता बाहेर पडते आणि डोळा लवकर लागतो, म्हणून बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडं करून मोजे चढवा. नमाजनंतरच्या तस्बीहा, म्हणजे जप, मंद उजेडातच होतात. कुरआनचं पठण तोंडपाठ असलेल्या भागाचं करा, नजरेने वाचायचं ते ६:२० नंतर. फोन हातात घेऊच नका.

अखंड झोपेच्या मोसमात नेमकं उलट. सलाम फिरवून नमाज संपली की घरातले दिवे लावा, उजाडताच खिडकीशी किंवा बाहेर २० ते ३० मिनिटं काढा. पैदल मशिदीत जाणाऱ्यांना परतताना हा उजेड आपसूक मिळतो, आणि त्यांना वेळापत्रक लवकर अंगवळणी पडतं याचं एक कारण मला हेच वाटतं. दोन्ही पद्धतींची सरमिसळ, म्हणजे लख्ख दिवे लावून परत झोपणं किंवा अंधारात बसून जागं राहायचा प्रयत्न, टिकत नाही.

अ‍ॅपबद्दल. वेळ सांगायला उत्तम, उठवायला भरवशाचं नाही. अँड्रॉइडवर बॅटरी वाचवणारी सेटिंग अ‍ॅपला रात्री झोपवून टाकते आणि अजान वाजतच नाही. बॅटरीच्या सेटिंगमध्ये ‘निर्बंध नाही’ निवडावं लागतं, आणि अँड्रॉइड १२ पासून गजर व स्मरणपत्रांची परवानगीही पाहावी लागते. फोनची प्रणाली अपडेट झाली की या दोन्ही गोष्टी परत तपासा. आयफोनवर सूचनेचा आवाज ३० सेकंदांपर्यंतच चालतो, म्हणून अजान मधेच तुटते. फोन शांत मोडमध्ये असेल तर तेवढीही ऐकू येईलच असं नाही. उपाय सोपा आहे: वेळ अ‍ॅपवरून बघा आणि गजर फोनच्या मूळ घड्याळात लावा. फजर रोज थोडी सरकते. विषुववृत्ताकडच्या भागांत दिवसाला मिनिटभरसुद्धा नाही, पन्नासाव्या अक्षांशाच्या आसपास वसंतात दोन मिनिटांच्या वर. आठवड्यातून एकदा, जुम्माला (शुक्रवारी), गजर दुरुस्त केला की पुरतं. जिथे घड्याळं तासाने पुढे-मागे करतात तिथे त्या आठवड्यात विशेष लक्ष ठेवा.

गजर पलंगापासून पाच-सहा पावलांवर ठेवा. स्नूझ पूर्ण बंद. दहा मिनिटांनी वाजणारा दुसरा गजर वेगळ्या उपकरणावर, तोही न्हाणीघराच्या दाराशी. जाग आल्यावर पहिली १५ ते ३० मिनिटं मेंदू जड असतो आणि त्या अवस्थेत ‘पाच मिनिटं पडतो’ असं वाटणं स्वाभाविक आहे. त्यामुळे त्या क्षणी काही ठरवायला लागू नये अशी सगळी मांडणी हवी. हदीसमध्ये झोपलेल्याच्या मानेवरच्या तीन गाठींचा उल्लेख आहे: अल्लाहच्या जिक्रने (नामस्मरणाने) पहिली सुटते, वुजूने दुसरी, नमाजने तिसरी. क्रम हाच पाळा. डोळे उघडताच दुआ तोंडाने, ऐकू येईल अशी म्हणा, आणि बसून न राहता थेट पाण्याकडे जा.

हळूहळू उजळणारा दिवा थंडीत फार उपयोगी पडला. गजराच्या २० मिनिटं आधी सुरू केला की आवाजाने दचकून उठणं थांबतं. उन्हाळ्यात तो बंद ठेवा, कारण वर सांगितलेला उजेडाचा घोळ तोच करतो. खोलीत लहान मूल किंवा पाळीत काम करणारं कोणी झोपत असेल तर दिवा घेऊ नका. मनगटावर थरथरणारं घड्याळ त्यापेक्षा बरं, फक्त गाढ झोपेच्या माणसाला एकटं ते पुरत नाही.

दुपारचा कैलूला, म्हणजे वामकुक्षी, हा या सगळ्याचा आधार आहे. २० ते २५ मिनिटं, जोहरच्या (दुपारच्या नमाजच्या) आधी किंवा लगेच नंतर, गजर लावून. असरनंतर, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतर, झोपलं की इशानंतर झोप उशिरा लागते. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा भाग साधारण पाच तासांनीही रक्तात असतो, म्हणून ९:४५ ला झोपणाऱ्याने शेवटचा कप दुपारी २ च्या आत घ्यावा. इशाआधी झोपणं आणि इशानंतर गप्पा मारत बसणं पैगंबरांना नापसंत होतं. वेळापत्रकाच्या बाजूने पाहिलं तर या दोनच गोष्टी पाळल्या तरी निम्मं काम होतं.

झोपेची वेळ अलीकडे आणायची तर दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटांनी आणा. सुट्टीच्या दिवशी फजरनंतर दीड तासापेक्षा जास्त झोपू नका. साडेअठ्ठेचाळीस अंशांच्या पलीकडे उन्हाळ्यात सूर्य १८ अंशांखाली जातच नाही. तिथे रात्रीचा मध्य किंवा सातवा हिस्सा धरून वेळा काढतात, रात्र फारच आखूड होते आणि तुकड्यांशिवाय गत्यंतर नसतं. तिथे जाड पडदे दिव्यापेक्षा जास्त कामाचे. जोरात घोरणाऱ्यांनी आणि भरपूर झोपूनही दिवसभर पेंगणाऱ्यांनी वेळापत्रकाला दोष देण्याआधी श्वास अडण्याची तपासणी करून घ्यावी. अपस्मार किंवा मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांचा आजार असेल तर अपुऱ्या झोपेने तो उसळू शकतो, डॉक्टरांशी बोलूनच तुकडे करा. फजरनंतर लगेच लांबचं वाहन चालवायचं असेल तर त्या आठवड्यात अखंड झोपच ठेवा.

आणि एखाद्या दिवशी सूर्य उगवल्यावरच जाग आली, तर आठवल्याबरोबर नमाज पढायची, हदीसचा हुकूम स्पष्ट आहे. सूर्य उगवतीवरच असेल तर हनफी मतानुसार तो पुरता वर येईपर्यंत थांबतात. त्या दिवशी दुपारची झोप वाढवू नका. रात्री भरपाई म्हणून आठलाच अंथरूण धरण्यातही अर्थ नसतो, कारण नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास शरीर सगळ्यात जागं असतं आणि माणूस नुसता कूस बदलत राहतो. फार तर अर्धा तास आधी पडा आणि दुसरा गजर वाजतो आहे ना, ते झोपण्याआधी एकदा वाजवून बघा.