कॅटेगरी जुळवणारं फीड प्लगिन: दिवाळी ते पोळा वापरल्यावर

नागपूरच्या महाल भागात आमचं साड्या, सावजी मसाले, संत्रा बर्फी आणि सणासुदीच्या सामानाचं दुकान आहे. दुकान बाबा बघतात, ऑनलाइन स्टोअर माझ्याकडे. मागच्या दिवाळीआधी स्टोअरला जोडायचं हे प्लगिन घेतलं. महिन्याच्या हिशोबाने महाग पडत होतं, म्हणून वर्षाचे पैसे एकदम भरले. फीड म्हणजे आपल्या मालाची गूगलला जाणारी यादी, आणि मर्चंट सेंटर म्हणजे ती जिथे जमा होते ती गूगलची जागा. आता थेट कॅटेगरी मॅपिंगवर येते, म्हणजे आपली कॅटेगरी गूगलच्या कॅटेगरीशी जुळवण्यावर. घेतलं होतं ते त्याच्यासाठीच, आणि ऐन पोळ्यात नडलंही तेच.

आमच्या स्टोअरमधल्या कॅटेगऱ्या गिऱ्हाइकाच्या सोयीने पाडलेल्या आहेत: लग्नसराई, हळदीकुंकवाचं वाण, नागपूर स्पेशल, पोळा स्पेशल. गूगलची यादी प्रसंग विचारत नाही, वस्तू काय आहे ते विचारते. 'नागपूर स्पेशल'मध्ये करवत काठी साडीही आहे आणि बर्फीही. त्या कॅटेगरीला गूगलचा कोणताही एक खण दिला तरी अर्धा माल चुकीच्या जागी जाणार. एका प्रॉडक्टला गूगल कॅटेगरी एकच देता येते.

सुरुवातीला मी खूश होते. मॅपिंगचा स्क्रीन खरंच चांगला आहे. शोधात 'सारी' टाकलं की ॲपरल, क्लोदिंग, ट्रॅडिशनल अँड सेरेमोनियल क्लोदिंग, सारीज अँड लेहेंगाज असा अख्खा मार्ग समोर येतो. सहा हजारांच्या आसपास कॅटेगऱ्यांच्या फाइलमध्ये डोळे फोडावे लागत नाहीत. फीडमध्ये नावाऐवजी नंबर जातो, तेही बरं, कारण नंबर सगळ्या भाषांत तोच राहतो. साड्या, मसाले सगळं एका बैठकीत लागलं. तेव्हा मी पाच स्टार दिले असते.

मग पोळा आला. तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याचे, लाकडी बैल आमच्याकडे वर्षातून थोडेच दिवस विकले जातात, बडग्या-मारबतची मिरवणूक निघाली की मागणी संपली. यंदा बैल 'पोळा स्पेशल'मध्ये टाकले आणि बाहेरगावी राहणाऱ्या नागपूरकरांसाठी 'नागपूर स्पेशल'मध्येही. प्रॉडक्ट दोन कॅटेगऱ्यांत असलं की हे प्लगिन स्टोअरमध्ये नंतर बनवलेली कॅटेगरी धरतं. कोणती धरायची हे आपल्याला सांगता येत नाही, तसा पर्यायच कुठे नाही. 'पोळा स्पेशल' नवी होती, तिचं मॅपिंग अजून व्हायचं होतं, म्हणून प्लगिनने शीर्षकातल्या 'वुडन बुल'वरून स्वतःच अंदाज बांधला आणि आमचे बैल ॲनिमल्स अँड पेट सप्लाइज, लाइव्ह ॲनिमल्स इथे नेऊन बांधले. चाकं लावलेला, शिंगांना बेगड चिकटवलेला, वीतभर लाकडी बैल, आणि तो जिवंत जनावरांत! तोच कॅटलॉग फेसबुक-इन्स्टाग्रामलाही जातो. त्यांच्या कंपनीच्या, मेटाच्या, धोरणात जनावरं विकायला बंदी आहे, त्यामुळे तिथे बैल नामंजूर झाले.

सपोर्टचं उत्तर आलं, "मॅडम, कॅटेगरी आम्ही ठरवत नाही, गूगल ठरवतं." हे अर्धंच खरं आहे. आपण काही पाठवलं नाही तर गूगल स्वतः कॅटेगरी लावतं, हे बरोबर. पण आपण पाठवलेली कॅटेगरी त्याच्या अंदाजाला बाजूला सारण्यासाठीच असते. म्हणजे प्लगिनने रकाना कोरा सोडला असता तरी चाललं असतं. खात्री नसताना ठोकून द्यायचं, आणि तेही न विचारता, हा माझा खरा राग आहे. सेटिंगमध्ये 'अंदाजाने भरा' ही खूण आधीपासून लावलेली असते. ती आधी काढा, बाकीचं नंतर.

पुढे बैल नेमका कुठे टाकायचा, हा प्रश्न आला. डेकोरमध्ये फिगरिन्स, म्हणजे शोभेच्या मूर्ती, आहे, टॉइज अँड गेम्समध्ये खेळण्यातले प्राणी आहेत. बाबांना विचारलं तर म्हणाले, "अवं, पोट्टे दोरी धरून ओढत नेतात त्याले, शोकेसात कोण ठेवते?" झालं, खेळणी.

आता थोडं माघार घेते, कारण एक गोष्ट या प्लगिनने फार छान केली आहे. फीडमधल्या प्रॉडक्ट टाइपच्या रकान्यात ते आपल्या स्टोअरमधल्या कॅटेगरीचा मार्ग जसाच्या तसा पाठवतं. तिथे गूगलच्या यादीचं बंधन नाही. गूगलच्या शॉपिंग कॅम्पेनमध्ये, म्हणजे मालाच्या जाहिरातींत, माल त्याच नावाने वेगळा काढता येतो, त्याच्या जाहिरातीवर वेगळी बोली लावता येते. बैलांचा खर्च साड्यांपासून मी असाच वेगळा केला, आणि कुठे किती पैसे जातात ते पहिल्यांदा नीट दिसलं. दिवाळीत याची किंमत मला कळली नव्हती, तेव्हा तीनऐवजी साडेतीन स्टार.

दोन कॅटेगऱ्यांतल्या मालासाठी मात्र मी आता गूगल शीट वापरते. एका कॉलममध्ये प्रॉडक्टचा आयडी, दुसऱ्यात गूगल कॅटेगरीचा नंबर, आणि ती मर्चंट सेंटरला पूरक फीड, म्हणजे मुख्य फीडला दुरुस्त करणारी जोडयादी, म्हणून जोडलेली. एक रुपया लागत नाही, आणि प्लगिनने काहीही पाठवलं तरी शीटमधलं मूल्य त्याच्यावर बसतं. फक्त आयडी मुख्य फीडमधल्यासारखाच हवा, एका अक्षराचा फरक पडला तरी ओळ जुळत नाही.

प्लगिनचं ऑटो-रिन्यू मी बंद केलं आहे. दोन कॅटेगऱ्यांपैकी कोणती धरायची हे निवडायची सोय दिवाळीपर्यंत आली तर पुन्हा पैसे भरीन, तेही महिन्याचेच.