सुई नर्व्हजवळ होती, कॅथेटर कुठे गेला? स्टिम्युलेटिंग कॅथेटर, साधा कॅथेटर आणि अल्ट्रासाउंड

रात्री अडीचला फोन आला. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर संध्याकाळी शांत झोपलेला पेशंट आता कळवळत होता. पंप चालू होता, औषध संपलेलं नव्हतं, कॅथेटर, म्हणजे नर्व्हजवळ औषध नेणारी बारीक नळी, जागच्या जागी चिकटवलेला, ड्रेसिंग कोरडं. ब्लॉक देताना (नर्व्हभोवती औषध सोडून तो भाग बधिर करताना) ०.४ मिलिअँपिअर करंटला गुडघ्याची वाटी छान उडाली होती, तशी माझ्याच अक्षरातली नोंद शीटवर होती. नोंद खरीच होती. पण वाटी उडवली होती सुईने, आणि औषध आता जात होतं कॅथेटरमधून. तो सुईच्या टोकापासून पाच सेंटिमीटर पुढे जाऊन कुठे वळला, याबद्दल शीटवर एक अक्षर नव्हतं.

कंटिन्युअस नर्व्ह ब्लॉक नव्याने सुरू करणारे भूलतज्ज्ञ विचारतात, ‘स्टिम्युलेटर घेऊ की अल्ट्रासाउंड शिकू, आणि तो महागडा स्टिम्युलेटिंग कॅथेटर खरंच लागतो का?’ त्यांच्यासाठी हा आढावा. पर्याय तीन आहेत: स्टिम्युलेटरने सुईतून करंट देऊन नर्व्ह शोधायची आणि मग साधा कॅथेटर सरकवायचा, स्टिम्युलेटिंग कॅथेटर घेऊन त्याच्याच टोकातून करंट देत तो पुढे न्यायचा, किंवा अल्ट्रासाउंडखाली सुई नेऊन साधा कॅथेटर ठेवायचा. एकात एक मिसळूनही करता येतं, त्याकडे शेवटी येतो.

करंट काय सांगतो आणि काय सांगत नाही

विजेने नर्व्ह शोधण्याची कल्पना जुनी आहे. जर्मन शल्यविशारद गेऑर्ग पेर्थेस यांनी ती १९१२ मध्ये मांडली. १९६२ मध्ये ग्रीनब्लॅट आणि डेन्सन यांनी हातात मावणारा ट्रान्झिस्टरचा स्टिम्युलेटर वापरून दाखवला, तेव्हा ती रोजच्या कामात येण्याजोगी झाली. तत्त्व साधं आहे. नर्व्हपासून जितकं लांब, तितका जास्त करंट लागतो, आणि तो अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढत जातो. म्हणून १ ते १.५ मिलिअँपिअरपासून सुरुवात करून कमी कमी करत जायचं आणि ०.५ ते ०.३ च्या दरम्यान ट्विच (स्नायूचं उडणं) टिकली तर थांबायचं. ०.२ च्या खालीही स्नायू उडत असेल तर आनंद मानू नका, सुई मागे घ्या. टोक नर्व्हच्या आत असण्याची शक्यता तिथे खरी असते.

पल्स, म्हणजे करंटचा एकेक झटका, ०.१ मिलिसेकंदाची ठेवतात, त्यामागेही कारण आहे. स्नायूंकडे जाणारे जाड तंतू एवढ्या छोट्या झटक्याला जागे होतात. वेदनेच्या बारीक तंतूंना जास्त लांबीची पल्स लागते. त्यामुळे पाय उडतो, पण पेशंट ओरडत नाही. ऋण टोक सुईला आणि धन टोक त्वचेवरच्या पॅचला. उलटं जोडलं तर जवळजवळ तीन-चार पट करंट लागतो, आणि तुम्ही अर्धा तास नर्व्ह शोधत बसता. हा प्रकार मी सिनियर मंडळींच्या हातूनही झालेला पाहिला आहे. आधी क्लिप तपासा.

आता न सांगण्याची बाजू. २००६ मध्ये काखेतल्या ब्लॉकवर एक अभ्यास झाला. अल्ट्रासाउंडवर सुई नर्व्हला टेकलेली दिसत असताना ट्विच मिळते का, ते त्यात पाहिलं. ०.५ मिलिअँपिअर किंवा त्याहून कमी करंटला ती मिळाली ७४.५ टक्के वेळा. पेशंटला मुंग्या तर फक्त ३८.२ टक्के वेळा आल्या. म्हणजे साधारण चारातल्या एका वेळी सुई नर्व्हवर होती आणि स्नायू ढिम्म. ट्विच आली तर नर्व्ह जवळ आहे हे नक्की. नाही आली म्हणून नर्व्ह जवळ नाही, असं म्हणता येत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कॅथेटरच्या बाबतीत ते कामाला येणार आहे.

सुईतून करंट, मग साधा कॅथेटर

हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फसवा मार्ग. फसवा अशासाठी की बहुतेक जण पहिला मोठा डोस सुईतूनच देऊन टाकतात. ब्लॉक झकास लागतो, शस्त्रक्रिया पार पडते, सगळे खूश. कॅथेटर भलतीकडे असला तरी बारा-पंधरा तास कुणाला पत्ता लागत नाही, कारण सुईतलं औषध काम करत असतं. ते उतरलं की कॅथेटरचं पितळ उघडं पडतं, आणि तेही नेमकं रात्री.

हाच मार्ग घेणार असाल तर दोन गोष्टी करा. कॅथेटर सुईच्या पुढे तीन सेंटिमीटरपेक्षा फार ढकलू नका. जास्त आत गेला की जास्त सुरक्षित, हा समज चुकीचा आहे, तो गुंडाळला जातो किंवा दुसऱ्याच फटीत शिरतो. आणि पहिला डोस कॅथेटरमधून द्या. ब्लॉक लागायला थोडा वेळ जास्त लागेल, पण कॅथेटर चुकला असेल तर ते पेशंट टेबलावर असतानाच कळेल.

स्टिम्युलेटिंग कॅथेटर

दिसायला साधाच. आत धातूची बारीक गुंडाळी, बाहेरून प्लॅस्टिकचं आवरण, आणि टोकाला उघडा धातू. १९९९ मध्ये खांद्याच्या ब्लॉकसाठी त्याचं तंत्र प्रसिद्ध झालं आणि पुढची काही वर्षं तो चर्चेत राहिला. सुईने ट्विच मिळाली की क्लिप सुईवरून काढून कॅथेटरला लावायची. कॅथेटर सुईच्या बाहेर पडतो आणि वाटी पुन्हा उडायला लागते. इथून खरी परीक्षा. एक एक सेंटिमीटर सरकवत जायचं आणि नजर गुडघ्यावर. ट्विच तशीच राहिली तर कॅथेटर नर्व्हला लागून चालला आहे. मंदावली तर तो दूर पळतोय. तो हळूच सुईत परत घ्यायचा, सुई पाव फेरा फिरवायची किंवा दोन मिलिमीटर मागेपुढे करायची, आणि पुन्हा सरकवायचा. मागे घेताना जराही अडलं तर ओढाताण नको; सुई आणि कॅथेटर एकत्रच बाहेर काढा. सुईच्या धारेवर कॅथेटरचा तुकडा कापला जाऊन आत राहिला, तर मग ब्लॉकचा विषयच उरत नाही.

जागा मोकळी करायला सवयीने सलाइन मारू नका. पूर्वी शिकवायचे की एक मिलिलिटर औषध गेल्यावर ट्विच गेली म्हणजे औषध नर्व्हवर पोहोचलं. प्रत्यक्षात ती इतक्या चटकन जाते ती मुख्यतः त्या द्रवामुळे. सलाइन काय किंवा भुलीचं औषध काय, दोन्हीतून वीज वाहते. करंट पसरतो आणि नर्व्हपर्यंत पुरेसा पोहोचत नाही. पाच टक्के डेक्स्ट्रोजमधून वीज जवळजवळ वाहत नाही, त्यामुळे ट्विच शाबूत राहते. स्टिम्युलेटिंग कॅथेटर वापरायचा असेल तर ट्रेवर डेक्स्ट्रोजची सिरिंज हवीच.

ट्विच वाचता येणं ही वेगळी विद्या आहे, आणि माझ्या मते अल्ट्रासाउंड आल्यावर तिची उपेक्षा झाली. मांडीत नुसती आतली बाजू थरथरली आणि वाटी वर सरकली नाही, तर तो सार्टोरियस (मांडीवरून तिरका जाणारा स्नायू) आहे. सुई थोडी बाहेरच्या अंगाला आणि खोल न्यावी लागेल. मानेतल्या ब्लॉकमध्ये दंड उडाला तर उत्तम, पण उचकीसारखं पोट हललं तर तुम्ही फ्रेनिक (श्वासपटलाच्या) नर्व्हवर आहात, म्हणजे फार पुढे. खांदा वर उचलला गेला तर फार मागे. गुडघ्यामागच्या ब्लॉकमध्ये पाऊल आत वळलं तर मी थांबतो, नुसतं बाहेर वळलं तर अजून थोडं शोधतो. पडद्यावर करड्या वर्तुळात सगळ्या नर्व्ह सारख्याच दिसतात; कुठली ती स्नायू सांगतो.

एवढं करून पदरात काय पडतं? २००४ मध्ये निरोगी स्वयंसेवकांच्या मांडीवर केलेल्या तुलनेत स्टिम्युलेटिंग कॅथेटरच्या बाजूचा ब्लॉक सरस ठरला. पेशंटमध्ये मात्र फरक लहान आहे. औषध थोडं कमी लागतं, ब्लॉक थोडा लवकर लागतो, पण दुखण्यात दर वेळी ठळक फरक पडतोच असं नाही. मोजावी लागणारी किंमत दुहेरी: कॅथेटर महाग, आणि वेळ बेभरवशाचा. कधी पहिल्याच फटक्यात बसतो, कधी वीस मिनिटं मागेपुढे करून शेवटी हार मानावी लागते. वर सांगितलेलं वाक्य इथे आठवा. कॅथेटरवर ट्विच मिळत नसेल तर तो चुकीच्याच जागी आहे, असं सिद्ध होत नाही. सुईचा ०.५ चा आकडा कॅथेटरवर लादून त्याला दहा वेळा आतबाहेर करणं, हे मला रोगापेक्षा औषध भारी वाटतं. मी एक मिलिअँपिअरच्या खाली मिळालेल्या चांगल्या ट्विचवर समाधान मानतो.

आणखी काही अडचणी. स्नायू शिथिल करणारं औषध दिलेलं असेल तर ट्विच विसरा. मोडलेल्या हाडाभोवतीचा स्नायू उडवणं पेशंटला नको जीव करून सोडतं. मधुमेहात नर्व्ह खराब झालेली असेल तर जास्त करंट लागतो. निव्वळ संवेदना वाहणाऱ्या नर्व्हला उडवायला स्नायूच नसतो. पल्स लांबवून मुंग्या आणता येतात, पण त्यासाठी पेशंट जागा आणि सांगणारा हवा. पेसमेकर असेल तर आधी विचार करा. कॅथेटरमध्ये धातू आहे, तेव्हा एमआरआय ठरलेला असेल तर पाकिटावरची सूचना वाचा.

अल्ट्रासाउंड आणि साधा कॅथेटर

१९९४ मध्ये व्हिएन्नातल्या भूलतज्ज्ञांनी हंसळीच्या हाडावरचा ब्लॉक अल्ट्रासाउंडखाली करून दाखवला. आज वरवरच्या नर्व्हसाठी यावर वाद घालण्यात अर्थ नाही. रक्तवाहिनी दिसते, फुप्फुसाचं आवरण दिसतं, औषध नर्व्हभोवती पसरताना दिसतं. काही मिनिटांत काम होतं आणि पेशंटचा पाय उडवावा लागत नाही. स्टिम्युलेटिंग कॅथेटरशी समोरासमोर झालेल्या अभ्यासांत वेळेच्या बाबतीत अल्ट्रासाउंड सातत्याने पुढे राहिलं. गुडघ्यामागच्या सायटिक (पायाच्या मोठ्या नर्व्हच्या) ब्लॉकमध्ये मात्र एका तुलनेत दुसऱ्या दिवशीचं दुखणं स्टिम्युलेटिंग कॅथेटरवाल्यांना कमी होतं. त्यांच्यातल्या काहींना तो बसलाच नाही, हेही त्याच अभ्यासात आहे.

पण रात्री अडीचचा प्रश्न अल्ट्रासाउंडनेही आपोआप सुटत नाही. सुई अल्ट्रासाउंडच्या प्रोबच्या रेषेत असते म्हणून दिसते. कॅथेटर तिच्यातून बाहेर पडला की त्या रेषेचा मान ठेवत नाही. तो वळतो, आणि पडद्यावर एखादा पांढरा ठिपका दिसतो, तोही टोक आहे की मधला भाग, सांगता येत नाही. म्हणून टोक बघायचा हट्ट सोडून पसारा बघायचा. कॅथेटरमधून एक-दोन मिलिलिटर द्या आणि द्रव कुठे फुगतो ते पाहा. नर्व्हला कवेत घेत असेल तर झालं. स्नायूत फुगा होत असेल तर कॅथेटर एक सेंटिमीटर मागे घ्या आणि पुन्हा द्या. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. रंगीत डॉपलरवर द्रवाचा झोत दिसतो. थोडी हवा सोडूनही टोक कळतं, पण नंतर चित्र धुरकट होतं, म्हणून तो उपाय सगळ्यात शेवटी.

खोल गेलं की मात्र हे सगळं अवघड होतं. जाड पेशंटच्या नितंबातली सायटिक नर्व्ह, कमरेच्या स्नायूतला प्लेक्सस (नर्व्हचं जाळं): कमी फ्रिक्वेन्सीचा प्रोब लागतो, चित्र भरड होतं आणि सुईसुद्धा हरवते. तिथे ट्विच ही चैन राहत नाही.

एपिड्युरलमध्ये हीच युक्ती

एपिड्युरल कॅथेटर (मणक्यात, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर ठेवलेला) जागेवर आहे का, हेही करंटने तपासता येतं. ही पद्धत १९९८ मध्ये त्सुई यांनी मांडली. १ ते १० मिलिअँपिअरच्या दरम्यान धड किंवा पाय उडाला तर कॅथेटर एपिड्युरल जागेत. १ च्या आतच उडाला तर सावध व्हा, टोक मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याच्या पिशवीत किंवा नर्व्हच्या मुळाला टेकलेलं असू शकतं. काहीच नाही उडालं तर बाहेर. गंमत अशी की इथे कॅथेटर सलाइननेच भरायचा असतो, कारण वीज त्या द्रवातून टोकापर्यंत न्यायची असते. तपासणी औषध देण्याआधी करायची, नंतर निकालावर भरवसा ठेवता येत नाही.

मग घ्यायचं काय?

अल्ट्रासाउंड हाताशी असेल आणि काम मान, काख, मांडी, गुडघ्याचा मागचा भाग एवढंच असेल, तर साधा कॅथेटर घ्या आणि वाचलेला वेळ पसारा बघण्यात घालवा. स्टिम्युलेटिंग कॅथेटर सरसकट घेण्याचं कारण मला दिसत नाही. खोल ब्लॉक नियमित करत असाल, किंवा मशीन मिळण्याची खात्री नसेल, तर मात्र तो कपाटात हवा, आणि अडचणीच्या दिवशी पहिल्यांदा उघडू नका. सोप्या मांडीवर दहा-बारा वेळा हात बसवून घ्या. फक्त स्टिम्युलेटर आणि इन्सुलेटेड (टोक सोडून आवरण असलेली) सुई असेल तरी काम अडत नाही. पहिला डोस कॅथेटरमधून देण्याची शिस्त तेवढी हवी.

मी स्वतः गुडघ्यामागच्या ब्लॉकला दोन्ही जोडतो. डोळे पडद्यावर, स्टिम्युलेटर ०.५ वर लावून बाजूला ठेवलेला, तो नर्व्ह शोधायला नाही. सुई नर्व्हजवळ नेताना तो ०.२ वर उतरवतो आणि पाऊल स्थिर आहे ना ते पाहतो. उडालं तर मागे. मग कॅथेटर तीन सेंटिमीटर, सुई बाहेर, प्रोब परत जागेवर. पहिले दोन मिलिलिटर कॅथेटरमधून जाताना नर्व्हभोवती काळी कडी उमटली, तर उरलेला डोस. शीटवर आता दोन ओळी असतात: सुई कुठे होती ते एकात, आणि कॅथेटरमधून गेलेलं औषध कुठे पसरलं ते दुसरीत.