डबल-क्लिकने प्रोग्राम उघडेनासे झाले तर : फॉरमॅट, रिस्टोअर की नोंदींची दुरुस्ती?

गावातील सेवा केंद्राच्या संगणकावर कोणत्याही प्रोग्रामवर डबल-क्लिक केले की नोटपॅड उघडते किंवा ‘हे कशाने उघडायचे’ अशी विचारणा होते, तेव्हा बहुधा एकच सल्ला मिळतो : तालुक्याला नेऊन फॉरमॅट मारून आणा. वास्तविक अशा वेळी प्रोग्राम जागच्या जागी शाबूत असतात. कोणत्या प्रकारची फाइल कशाने उघडावी, याविषयीच्या विंडोज रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीतील, मोजक्या नोंदी तेवढ्या बिघडलेल्या असतात.

केवळ पीडीएफ किंवा फोटो भलत्या प्रोग्राममध्ये उघडत असतील, तर सेटिंग्जमधील ‘डीफॉल्ट ॲप्स’ पुरेसे आहे. डेस्कटॉपवरील सर्व शॉर्टकटांची चित्रे एकसारखी झाली असतील, पण ‘प्रोग्राम फाइल्स’ फोल्डरमधील मूळ प्रोग्राम चालत असेल, तर बिघाड एलएनके (.lnk, म्हणजे शॉर्टकटची फाइल) प्रकाराच्या नोंदीत आहे. मूळ प्रोग्रामही चालत नसेल, तर बिघाड ईएक्सईच्या (.exe, म्हणजे प्रोग्रामची मूळ फाइल) नोंदीत आहे.

फॉरमॅटने हा दोष हमखास जातो, हे मान्य करावे लागेल. परंतु त्याची खरी किंमत दुकानदाराच्या मजुरीत नाही. मेळघाटातील एखाद्या गावातून धारणी किंवा परतवाड्यापर्यंत संगणक नेऊन आणल्यावर अंगठ्याच्या यंत्राचा ड्रायव्हर (यंत्र चालवणारे सॉफ्टवेअर) आणि आरडी सर्व्हिस (आधार पडताळणीसाठी त्या यंत्राला लागणारे सॉफ्टवेअर), डिजिटल सहीच्या टोकनचे सॉफ्टवेअर, प्रिंटर, स्कॅनर आणि कृतिदेव किंवा श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट, ज्यांच्याविना ग्रामपंचायतीचे जुने ठराव पडद्यावर वाचताही येत नाहीत, हे सारे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आणि भारनियमनाच्या वेळा सांभाळून पुन्हा बसवावे लागते. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि त्याच सुमारास दाखल्यांसाठी गर्दी होते. तेव्हा तर हा मार्ग शेवटचाच मानावा.

सिस्टम रिस्टोअर, म्हणजे विंडोजला आधी जतन केलेल्या स्थितीत परत नेणे, त्या मानाने सौम्य आहे. कागदपत्रांना त्याचा धक्का लागत नाही; ठरावीक तारखेनंतर बसवलेले प्रोग्राम आणि ड्रायव्हर मात्र जातात. अडचण एवढीच, की विंडोज १० असलेल्या अनेक संगणकांवर ही सोय मुळात बंदच असते. ती चालू असेल आणि बिघाडापूर्वीचा बिंदू (जतन केलेली स्थिती) उपलब्ध असेल, तर प्रथम हाच मार्ग घ्यावा.

उरतात नोंदींच्या दुरुस्तीचे दोन मार्ग : टाइप करून द्यायच्या कमांड आणि रेग फाइल (.reg, म्हणजे नोंदींतील बदल लिहिलेली फाइल). शिफ्ट दाबून रीस्टार्ट केल्यास पुढे स्टार्टअप सेटिंग्जमध्ये ६ क्रमांकावर कमांड प्रॉम्प्टसह (कमांड टाइप करण्याच्या खिडकीसह) सेफ मोड, म्हणजे मोजक्याच आवश्यक गोष्टींवर चालणारे विंडोज, मिळतो. तेथे नाव टाइप करून सुरू केलेल्या प्रोग्रामला या नोंदींची गरज लागत नाही, म्हणून सगळे बंद पडलेल्या संगणकावरही दुरुस्ती करता येते. ‘असॉक’ (assoc) कमांडने डॉट ईएक्सईला ‘ईएक्सईफाइल’ (exefile) हा प्रकार परत द्यावा आणि ‘एफटाइप’ने (ftype) त्या प्रकाराला "%1" %* हे मूल्य द्यावे. मात्र या दोन्ही कमांड संपूर्ण संगणकासाठीच्या नोंदी बदलतात, तर चुकून ‘नेहमी यानेच उघडा’ निवडल्याने झालेला बदल त्या वापरकर्त्यापुरत्या नोंदीत जातो आणि तीच वरचढ ठरते. कमांड बिनचूक देऊनही ‘काहीच फरक नाही’ अशी तक्रार येते, ती बहुतेक यामुळेच.

म्हणून आधी सेटिंग्जमधून नवे वापरकर्ता खाते तयार करून पाहावे. तेथेही प्रोग्राम उघडत नसतील, तर कमांड योग्य आहेत. तेथे ते उघडत असतील, तर जुन्या खात्यातील डॉट ईएक्सईची ‘युजरचॉइस’ (UserChoice, वापरकर्त्याची निवड) नोंद आणि रजिस्ट्रीत त्या खात्याच्या ‘क्लासेस’ (Classes, फाइल-प्रकारांच्या नोंदी) या भागातील डॉट ईएक्सईची नोंद काढून टाकावी लागते, आणि त्यासाठी रेग फाइल अधिक सोयीची. गर्दीच्या दिवसांत नव्या खात्यावरच तेवढ्यापुरते काम चालवता येते, हा वरचा लाभ.

रेग फाइल सहसा ईएक्सई बिघडलेले असतानाही डबल-क्लिकने उघडते आणि टाइप करण्यातील चूक टळते. परंतु अनोळखी ठिकाणाहून उतरवलेली फाइल सरळ चालवू नये. ती आधी नोटपॅडमध्ये उघडून चौकोनी कंसांतील ओळी वाचाव्यात. कंसाच्या आत सुरुवातीलाच उणे चिन्ह असेल, तर ती नोंद पुसली जाणार असते, आणि अशा ओळीत डॉट ईएक्सई किंवा डॉट एलएनके यांखेरीज भलतेच नाव दिसल्यास ती फाइल बाजूला ठेवावी.

बिघाड पेनड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसमुळे झाला असेल, तर दुरुस्त केलेली नोंद पुन्हा बदलली जाते. अशा वेळी विंडोजमधील डिफेंडर या व्हायरसरोधकाचा ऑफलाइन स्कॅन (नेहमीचे विंडोज सुरू होण्याआधीची तपासणी) आधी करावा आणि नोंदींना त्यानंतर हात लावावा. व्हायरस तरीही निघत नसेल, तर फॉरमॅट करावेच लागेल. तेव्हा जुन्या फॉन्टच्या फाइल वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतल्याशिवाय संगणक दुकानात देऊ नये.