मेंदूचा रंगीत नकाशा दाखवून विकलेलं निदान

वर्गात लक्ष लागत नाही, वही अर्धवट, घरी आलं की रडारड. मुलासाठी चांगला थेरपिस्ट शोधत आम्ही एका केंद्रात पोहोचलो. तिथे त्याच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून ‘ब्रेन मॅपिंग’ केलं आणि लगेच निदान सांगितलं, एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार! पडद्यावर मेंदूचा नकाशा, लाल दिसतो तो म्हणे दोष. उपाय म्हणून सत्रांचं पॅकेज, सगळे पैसे आगाऊ, आजच भरले तर सवलत. घाबरलेल्या आईबापांना विचार करायला वेळ मिळू नये म्हणूनच असते ही सवलत.

एडीएचडीचं निदान असं होतच नाही. लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून आहेत का, घर आणि शाळा दोन्हीकडे दिसतात का, किमान सहा महिने टिकली आहेत का, हे बघावं लागतं. शिक्षकांशी बोलावं लागतं. झोप, कान, डोळे, वाचन, मनातली भीती हेही तपासावं लागतं. आम्हाला यातलं एकही विचारलं नाही. ईईजीतल्या, म्हणजे इलेक्ट्रोड लावून टिपलेल्या मेंदूच्या विद्युत लहरींच्या, एकमेकींशी असलेल्या प्रमाणावरून एडीएचडी ठरवू नये, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजी या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्येच सांगितलं आहे.

पुढे प्रत्येक सत्राला आम्ही दाराबाहेर. आत काय चालतं विचारलं की उत्तर एकच, ‘गोपनीयता’. मुलानं विश्वासानं सांगितलेलं थेरपिस्टनं जपावं, हे बरोबरच. पण उद्दिष्ट काय, पद्धत कोणती, फरक काय पडला, हे पालकांना कळायलाच हवं. आम्ही लेखी नोंदी मागितल्या, तर त्या नव्हत्याच. उरलेले पैसे मागितले, तर ‘थेरपी अर्धवट सोडलीत तर नुकसान तुमच्याच मुलाचं’. आणि मूल? ते मित्रांना सांगायला लागलं होतं, ‘माझा मेंदू बिघडलाय.’ पैशांपेक्षा याचा संताप आजही जास्त येतो.

नंतर भेटलेल्या बालमानसतज्ज्ञांनी आधी शाळेच्या वह्या मागवल्या, त्याच्याकडून वाचून घेतलं. अडचण वाचनाची निघाली, डिस्लेक्सिया. अक्षरं जुळवतानाच तो थकायचा, मग लक्ष कुठून लागणार! डिस्लेक्सियावर नेमकं, टप्प्याटप्प्यानं वाचन शिकवणं हाच उपाय, आणि आता ते सुरू आहे.

तुम्ही शोधात असाल तर थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो नोंदणी करणाऱ्या परिषदेकडे स्वतः पडताळा. भिंतीवरच्या प्रमाणपत्रांवर जाऊ नका. पैसे एकेका सत्राचेच द्या आणि पावती घ्या. पहिल्या भेटीत शाळेबद्दल कुणी काहीच विचारलं नाही, तर पुढची वेळ घेऊ नका.