सीबीडी आय ड्रॉप्स: "खोलवर झिरपतात" म्हणे, पण आजार तर वरच आहे

रेटिंग: ५ पैकी १, आणि तोही फक्त ड्रॉपरसाठी, कारण ड्रॉपर खरंच चांगला आहे, थेंब एकसारखा पडतो.

ड्राय आय असणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, संध्याकाळ झाली की डोळ्यात वाळू गेल्यासारखं टोचतं, स्क्रीनकडे बघवत नाही, आणि अशा वेळी कुणी "नैसर्गिक, सूज कमी करणारं, एका थेंबात आराम" असं लिहिलेलं काही समोर आणून ठेवलं की हात आपोआप ऑर्डरच्या बटनाकडे जातो. मला स्वतःला ड्राय आय आहे आणि मी डिफ्युजनची, म्हणजे एखादा पदार्थ दुसऱ्यात कसा पसरतो याची, समीकरणं शिकवते, म्हणून सीबीडीच्या (गांजाच्या रोपातला, पण नशा न आणणारा पदार्थ) थेंबांची ही बाटली मागवली ती डोळ्यात टाकायला नाही, तर तिच्यावर लिहिलेला दावा नीट तपासून बघायला. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण अशा बाटल्या ऑनलाइन बऱ्याच मिळतात आणि मजकूर सगळीकडे जवळपास सारखाच असतो.

आधी लेबल बघू. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात सीबीडी, खाली "कॅरियर ऑइल", म्हणजे ज्यात सीबीडी विरघळवलंय ते तेल, आणि "डोळ्यात खोलवर झिरपणारा फॉर्म्युला". मागे फिरवली तर निर्जंतुक आहे असा उल्लेख कुठेच नाही, प्रिझर्व्हेटिव्ह आहे की नाही ते नाही, उघडल्यावर किती दिवसात संपवायची ते नाही, पीएच नाही, बॅच नंबरची जागा आहे पण ती रिकामी. डोळ्यात टाकायच्या वस्तूवर "निर्जंतुक" हा शब्द नसेल तर माझ्या मते पुढे काही वाचायचीच गरज नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत साध्या आर्टिफिशियल टिअर्समधून स्यूडोमोनास जिवाणूचा संसर्ग पसरला होता, ४ जण दगावले, १४ जणांची दृष्टी गेली, काहींचा डोळाच काढावा लागला. ते थेंब तर रीतसर दुकानात मिळणारे होते, मग ही बाटली कुठे भरली, कुणी भरली, काहीच कळत नाही. आणि सीबीडीच्या लेबलवरचा आकडा तरी खरा असतो का, तर २०१७ मध्ये संशोधकांनी ऑनलाइन मिळणारी ८४ सीबीडी प्रॉडक्ट्स लॅबमध्ये तपासली, त्यातल्या जेमतेम ३१ टक्क्यांवरचं प्रमाण बरोबर निघालं, आणि १८ मध्ये टीएचसी सापडलं, म्हणजे गांजातला नशा आणणारा भाग.

आता मुख्य मुद्दा, ते "खोलवर झिरपणं". कॅनाबिनॉइड (सीबीडी, टीएचसी आणि त्यांच्यासारखे पदार्थ) आणि डोळा हा संबंध उगाच जोडलेला नाही, हे आधी मान्य करते. शरीराची स्वतःची एक कॅनाबिनॉइड यंत्रणा असते, हे पदार्थ पेशीवर जिथे जाऊन बसतात त्या जागांपैकी (रिसेप्टर) सीबी१ चं जनुक १९९० मध्ये वेगळं काढलं गेलं, सीबी२ चं १९९३ मध्ये, आणि ही यंत्रणा डोळ्यातही आहे. कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, वेदनेच्या नसा प्रचंड दाट असतात, त्वचेपेक्षा शेकडो पटीने, म्हणून तर धुळीचा एक कण गेला तरी माणूस कासावीस होतो. कॅनडातल्या डलहौजी विद्यापीठातल्या गटाने २०१८ मध्ये उंदरांच्या जखमी कॉर्नियावर सीबीडी, डेल्टा-८ टीएचसी आणि एचयू-३०८ असे तीन कॅनाबिनॉइड लावून बघितले आणि वेदना आणि सूज दोन्ही कमी झाल्या. विषय गंभीर आहे, त्यात काम करणारी माणसं गंभीर आहेत, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. राग आहे तो उंदरांवरचा निष्कर्ष उचलून थेट बाटलीवर चिकटवणाऱ्यांचा.

कारण त्याच वर्षी अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातून आलेला दुसरा निष्कर्ष बाटलीवर कुणी छापत नाही: उंदरांच्या डोळ्यात सीबीडीचा थेंब टाकल्यावर डोळ्यातलं प्रेशर वाढलं, आणि ते काही तास वाढलेलं राहिलं. ज्यांना काचबिंदू आहे किंवा घरात कुणाला होता त्यांनी हे वाक्य परत वाचा. आणि २०२० मध्ये तिथल्याच लोकांनी टीएचसी देऊन अश्रू मोजले तर नर उंदरांमध्ये अश्रू कमी झाले आणि मादीमध्ये वाढले! ड्राय आयच्या औषधाने निम्म्या लोकांचे अश्रू कमी होण्याची शक्यता असेल तर ते औषध अजून लॅबमध्येच राहायला हवं, नाही का.

आता गणित, पण घाबरू नका, चिन्हं एकही लिहीत नाही. डिफ्युजनचा नियम अडॉल्फ फिकने १८५५ मध्ये मांडला, पदार्थ दाट जागेकडून विरळ जागेकडे जातो आणि फरक जितका तीव्र तितका जोरात जातो. (या फिकचा पीएचडीचा विषय दृष्टिदोष होता, आणि त्याच्या पुतण्याने पुढे कॉन्टॅक्ट लेन्स बनवली, म्हणजे डोळा या घराण्यात पहिल्यापासून होता.) त्या नियमातून जे समीकरण निघतं त्याचा सगळ्यात कामाचा निष्कर्ष हा की अंतर दुप्पट झालं तर वेळ चौपट लागतो, दुप्पट नाही. अश्रूंचा थर साधारण ३ मायक्रोमीटर जाड (एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कॉर्निया साधारण ५४०. म्हणजे अंतर १८० पट आणि वेळ ३२,००० पट! अश्रूंच्या थरातून छोटा रेणू सेकंदाच्या शंभराव्या भागात आरपार जातो, कॉर्नियाइतकं अंतर कापायला त्याला मोकळ्या पाण्यातसुद्धा ५ मिनिटांच्या आसपास लागतात, आणि कॉर्निया काही मोकळं पाणी नाही, तिथे त्याहून बराच जास्त वेळ.

तेवढा वेळ थेंब डोळ्यात राहतो का? नाही राहत. डोळ्यात एका वेळी सुमारे ७ मायक्रोलिटर अश्रू असतात, बाटलीतला थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा, म्हणजे बराचसा लगेच गालावर नाहीतर नाकात. उरलेलं दर मिनिटाला १५-१६ टक्क्यांनी धुतलं जातं, ४ मिनिटांच्या थोडं पुढे गेलं की निम्मं संपलं, आणि थेंब झोंबला तर अजून अश्रू येतात आणि अजून लवकर धुतलं जातं. मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते की समीकरण सगळ्यांचं तेच असतं, उत्तर ठरवतात त्या सीमेवरच्या अटी, म्हणजे कडेला काय चाललंय ते. बाटलीवाल्यांनी कडेला बघितलंच नाहीये.

आणि सीबीडीची खरी अडचण वेगळीच आहे. हा रेणू पाण्याला अजिबात जवळ करत नाही, तेल आणि पाणी शेजारी ठेवले तर पाण्यात एक रेणू राहील तेव्हा तेलात दहा लाखांच्या आसपास जातील. कॉर्नियाचा वरचा पातळ थर स्निग्ध, तिथे सीबीडी शिरेल, पण त्याच्या खालचा मोठा भाग, जवळजवळ ९० टक्के जाडी, पाणीदार आहे, तिकडे जायला हा रेणू तयारच नाही. आणि त्यात तो आधीच तेलात विरघळवून दिलाय! म्हणजे तो आपल्या आवडत्या घरात बसलाय, ते सोडून मधला पाण्याचा थर ओलांडून तो जाणार का, आणि का जाणार? मी एका काचेच्या बशीत सलाईन घेतलं आणि त्यावर या बाटलीतला थेंब सोडला. थेंब पसरला नाही, मिसळला नाही, वरच एक चपटी पिवळसर चकती होऊन तरंगत राहिला, बशी हलवली तर तिचे चार-पाच छोटे मणी झाले आणि थोड्या वेळाने ते परत एकमेकांना चिकटले. डोळ्यात पापणी मिटल्यावर जरा बरं मिसळेल हे खरं, पण मग धूसर दिसणार हेही आलंच.

अशा तेलकट रेणूचं औषध होऊच शकत नाही असं मी म्हणत नाहीये. ड्राय आयवरचं सायक्लोस्पोरिन बघा ना, तेही पाण्यात न विरघळणारं, ते एरंडेलाच्या बारीक इमल्शनमध्ये बसवलं, प्रमाण फक्त ०.०५ टक्के, आणि २००२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना परवानगी देणारी सरकारी संस्था) मान्यता दिली. त्यामागे चाचण्या होत्या, कारखाना होता, निर्जंतुकीकरण होतं. ड्राय आयसाठी एकही कॅनाबिनॉइड थेंब एफडीएने मान्य केलेला नाही. सीबीडीचं मान्यता मिळालेलं औषध आहे ते तोंडाने घ्यायचं, २०१८ चं, काही प्रकारच्या फिट्ससाठी, डोळ्याशी त्याचा संबंध नाही. टीएचसीपासून बनवलेल्या एका थेंबाची काचबिंदूवर दुसऱ्या टप्प्यातली चाचणी झाली, २०२४ मध्ये निकाल आला, प्रेशर कमी करायचं ठरलेलं ध्येय गाठता आलं नाही. रीतसर काम केलं तरी असं होतं, हे लक्षात घ्या.

बरं समजा झिरपलं खोलवर, तरी त्याचा उपयोग काय? ड्राय आयचं दुखणं त्या ३ मायक्रोमीटरच्या थरात आहे. पापणीच्या कडेच्या, तेल सोडणाऱ्या मेइबोमियन ग्रंथी नीट चालत नसतील तर वरचं तेलाचं आवरण विरळ होतं, पाणी उडतं, मीठ मागे राहतं. अश्रूंची ऑस्मोलॅरिटी (म्हणजे ते किती खारट आहेत याचं माप) निरोगी डोळ्यात ३०० च्या आसपास, ३०८ च्या पुढे गेली की ड्राय आय धरतात, पण हा मोजलेला आकडा डोळ्याच्या कोपऱ्यातल्या अश्रूंचा. थर जिथे फाटतो त्या ठिपक्यात ती क्षणभर ८०० ते ९०० पर्यंत जात असावी असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि इथेही परत तेच समीकरण. ठिपका बारीक असेल, दशांश मिलिमीटर त्रिज्येचा, तर जमलेलं मीठ दोन-तीन सेकंदात आजूबाजूला पसरतं, पुढची पापणी मिटायच्या आत. त्रिज्या अर्धा मिलिमीटर झाली की त्याच मिठाला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागतो, तोवर डोळा तिथेच भाजत राहतो. स्क्रीनसमोर आपण पापण्या कमी मिटतो, म्हणून संध्याकाळी इतकं चुरचुरतं. मला हे पहिल्यांदा मांडून बघताना खरंच भारी वाटलं होतं, एवढ्याशा ठिपक्याचं गणित आणि आपल्या रोजच्या त्रासाचं कारण एकच.

म्हणून उपाय हवा तो वरच्या कडेवर, पाणी उडू न देणारा. गरम शेक, पापण्यांच्या कडा साफ ठेवणं, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले आर्टिफिशियल टिअर्स, आणि जिथे मिळतं तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याने परफ्लुओरोहेक्झिलऑक्टेनचे थेंब, ते २०२३ मध्ये मान्य झाले आणि बाष्पीभवनावरच काम करतात.

"पण मला सीबीडी थेंबांनी बरं वाटलं" असं रिव्ह्यूमध्ये लिहिणारे भरपूर आहेत आणि ते खोटं बोलत नाहीयेत. तेलाने वरचं आवरण थोडा वेळ सुधारतं, त्यामुळे आराम पडू शकतो. ड्राय आयच्या चाचण्यांमध्ये औषध नसलेला नुसता बेस घालणाऱ्यांनाही बरं वाटतं, हे नेहमी दिसतं. त्यामुळे मी विक्रेत्याला एकच प्रश्न पाठवला: सीबीडी काढून टाकलेल्या याच तेलाशी तुलना केली आहे का, आणि निर्जंतुकतेचा रिपोर्ट मिळेल का? उत्तरात डिस्काउंट कूपन आलं.

ज्यांनी असे थेंब वापरायला सुरुवात केली आहे त्यांनी आजच थांबवा आणि डोळ्याच्या डॉक्टरांना बाटली दाखवा, लपवू नका, ते रागावणार नाहीत. कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर त्या काढून ठेवा. आणि डोळा लाल होऊन दुखायला लागला, उजेड सहन होईना, चिकट घाण यायला लागली किंवा दिसणं कमी झालं तर सकाळची वाट बघू नका, त्याच दिवशी जा.