आंजर्ल्याला आकाशदर्शनाला गेलेलो, त्याबद्दल

डिसेंबरच्या अमावस्येला आंजर्ल्यातल्या एका होमस्टेमधे रात्रीच्या आकाशदर्शनाला गेलो होतो, माणशी 900 रुपये, जेवण धरून. जेवण छानच, सोलकढी दोनदा मागून घेतली. पण लिहायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल.

आठ इंची दुर्बिणीतून गुरू, मृगातला तेजोमेघ, देवयानी दीर्घिका (म्हणजे गॅलेक्सी) वगैरे झालं, आणि बाराच्या पुढे सप्तर्षी वर आले तेव्हा घरमालक काका म्हणाले, इथं एक क्वेसार, म्हणजे फार लांबच्या दीर्घिकेचं अतिशय तेजस्वी केंद्र, आहे जो शेजारी शेजारी दोनदा दिसतो, पण आपल्या या दुर्बिणीतून नाही दिसणार, उगाच डोळे ताणू नका. हे त्यांनी आधीच सांगितलं ते मला फार आवडलं. मग आतून सरबताच्या ग्लासचं तुटलेलं बूड आणलं, दांडी मोडलेली, आणि कागदावरच्या एका ठिपक्यावर धरलं. ठिपका बरोबर मधे आला की त्याचं कडं होतं आणि जरा सरकवलं की एकाचे दोन ठिपके! मधे एखादी जड दीर्घिका आली की तिच्या गुरुत्वाकर्षणाने मागून येणारा प्रकाश असाच वळतो, त्याला गुरुत्वीय भिंग म्हणतात. झ्विकी नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने 1937 लाच सांगितलेलं की दीर्घिका अशा भिंगासारख्या वागतील, आणि सापडलं थेट 1979 ला, तेच हे सप्तर्षीतलं जुळं.

त्या दोन प्रतिमांपैकी एकीत काही बदल झाला की दुसरीत तोच बदल सुमारे 417 दिवसांनी दिसतो. माझ्या मुलीला हे पटेचना, एकच वस्तू आहे तर उशीर कसला. काका म्हणाले, बाळा, दापोलीहून दोन रिक्षा एकदमच सुटल्या, एक आसूदवरून आणि एक कर्दे-मुरुडवरून फिरून, तर हर्णैला एकदम पोचतील का? शिवाय भिंगाच्या जवळून जाताना गुरुत्वाकर्षणामुळेही वेळ लागतो. तिला लगेच कळलं, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हाच कळलं.

आणि हे सगळं लांबचंच आहे असं नाही, आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीने असंच एक भिंग वापरून तब्बल 8.8 अब्ज वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा रेडिओ संकेत पकडला, मधल्या दीर्घिकेने तो साधारण 30 पट मोठा केला म्हणून, 2023 च्या जानेवारीत ती बातमी आलेली. हे ऐकून अंगावर काटा आला माझ्या.

तक्रार म्हणाल तर दव. दोनच्या सुमारास आरशावर इतकं दव धरलं की अर्धा तास नुसतं पुसण्यात आणि वाट बघण्यात गेला, त्यांनी एखादा हेअर ड्रायर ठेवायला हवा. शेजारच्या रिसॉर्टचे दिवेही अकरापर्यंत चालू होते, त्यामुळे पश्चिमेचं काही धड दिसलं नाही.

स्वेटर न्या, किनाऱ्यावर पहाटे वाटतं त्यापेक्षा जास्त गार लागतं. आणि पोरांना घेऊनच जा, ते बूड मागून घ्या, आमच्याकडची आता घरी तसंच दुसरं शोधतेय.